जुन्या जॅझ रेकॉर्ड्स आणि त्यांचे रिइश्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रिइश्यू म्हणजे जुन्या अल्बमची नव्याने काढलेली आवृत्ती. उदाहरणं बरीचशी ब्लू नोट या अमेरिकन कंपनीची आहेत. सगळ्यात जास्त विचारणा तिच्याबद्दलच होते, आणि तिच्या रेकॉर्ड्सवरच्या खुणा वाचता यायला लागल्या की इतर कंपन्यांच्या खुणा वाचणंही अवघड जात नाही.

१. जॅझ नुकतंच ऐकायला लागलोय. पहिली रेकॉर्ड कुठली घेऊ?

फोनवर चार वेळा ऐकूनही जी पाचव्यांदा लावावीशी वाटते, ती. "शंभर महान अल्बम" छापाच्या याद्या बाजूला ठेवा. त्यातल्या निम्म्या रेकॉर्ड्स कपाटात जातात त्या कायमच्या.

पुढची कुठली, हे ठरवायला मात्र एक हमखास युक्ती आहे. कव्हरच्या पाठीवर वादकांची नावं छापलेली असतात, त्यातलं एक धरून चालत राहा. पॉल चेंबर्स हा बेसवादक घ्या. सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'वर (ब्लू नोट, १९५७) तो आहे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला कॉन्टेम्पररी कंपनीसाठी आर्ट पेपर या सॅक्सोफोनवादकाबरोबर झालेल्या मुद्रणातही तो आहे. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वर (कोलंबिया, १९५९) आणि कोलट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'वर (अटलांटिक) पुन्हा तोच. एका माणसाचा माग काढताना चार कंपन्या, चार तऱ्हेची मुद्रणं आणि डझनभर नवी नावं ओळखीची होतात. चेंबर्स १९६९मध्ये, जेमतेम तेहतिसाव्या वर्षी गेला. तरी त्याचा माग वर्षभर पुरेल.

२. आमच्या टर्नटेबलवर ७८चं बटण आहे. म्हणजे आजोबांच्या जाड, जड रेकॉर्ड्स त्यावर लावता येतील ना?

वेग (मिनिटाला ७८ फेरे) जुळेल, सुई जुळणार नाही. एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते आणि ७८ची खाच त्याच्या तिप्पट रुंद. त्यामुळे बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर तेवढी ऐकू येते आणि सुईही खराब होते. ७८साठी सुमारे ७५ मायक्रॉनची वेगळी सुई मिळते. बऱ्याच कार्ट्रिजवर (सुई जिच्यात बसते ती डबी) फक्त सुई बदलता येते, अख्खं कार्ट्रिज घ्यावं लागत नाही. उलटा प्रयोग, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनवर एलपी, चुकूनही करू नका. त्याची पोलादी पिन एका खेपेत एलपीचं वाटोळं करते.

७८चा काळ लांबलचक आहे. जॅझची पहिली रेकॉर्ड मानतात ती न्यूयॉर्कला व्हिक्टर कंपनीने फेब्रुवारी १९१७मध्ये मुद्रित केली. कोलंबियाने एलपी आणली १९४८मध्ये. मधल्या तीस वर्षांतलं जवळपास सगळं जॅझ दहा इंची तबकडीच्या तीन मिनिटांत बसवलेलं आहे. लुई आर्मस्ट्राँगची १९२०च्या दशकातली मुद्रणं ऐकताना हे लक्षात ठेवलं, तर त्यातला एकही स्वर फुकट का जात नाही ते कळतं. या तबकड्या लाखेच्या, आणि जगभरच्या कारखान्यांना लागणारी बरीचशी लाख जायची ती आपल्याकडच्या जंगलांतून. जॅझशी आपला हा संबंध ताजमहाल हॉटेलात पहिला बँड वाजण्याच्याही आधीचा.

३. "ओरिजनल" म्हणजे नेमकं काय? कव्हरवर १९५८ छापलंय, मग ती १९५८चीच ना?

नाही. कव्हरवरचं आणि लेबलवरचं साल अल्बमचं असतं. हातातली तबकडी त्यानंतर कितीही वर्षांनी छापलेली असू शकते. जाणकार 'ओरिजनल' म्हणतात तेव्हा त्यांना पहिल्या खेपेला छापलेली प्रत अभिप्रेत असते, आणि विकणारा म्हणतो तेव्हा बहुधा फक्त "जुनी".

खरी माहिती असते ती तबकडीवर, शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत, कोऱ्या भागात. याला डेडवॅक्स म्हणतात. खोलीतला दिवा घालवा, फोनचा टॉर्च तबकडीला जवळजवळ आडवा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. समोरून न दिसणारं कोरीवकाम तिरप्या उजेडात उठून दिसतं. आधी नंबर, मग एखादं आद्याक्षर, कधी नुसता एक ओरखड्यासारखा फराटा. विक्रेत्याने फोटो पाठवले असतील तर या भागाचा फोटो आहे का ते बघा. नसेल तर मागा, आणि टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

४. ब्लू नोटच्या रेकॉर्डवर 'कान' असला पाहिजे म्हणतात. हा काय प्रकार आहे?

ब्लू नोट १९३९मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. बर्लिनहून आलेला आल्फ्रेड लायन आणि त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ यांनी ती वाढवली. त्यांच्या तबकड्या न्यू जर्सीतल्या प्लॅस्टिलाइट या कारखान्यात छापल्या जात. कारखान्याची खूण म्हणून डेडवॅक्समध्ये एक वळणदार इंग्रजी 'पी' असायचा. तो कानाच्या पाळीसारखा दिसतो, म्हणून 'कान'. उलटा धरला तर इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा वाटतो. काही प्रतींवर इतका फिका असतो की नखाला लागतो पण डोळ्याला दिसत नाही.

लायनने कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली आणि १९६६च्या सुमारास छपाई प्लॅस्टिलाइटकडून गेली. म्हणून कान असेल तर तबकडी त्याआधीची. कान एवढंच सांगतो, याहून जास्त नाही. १९५७च्या अल्बमची १९६४मध्ये काढलेली फेरछपाईसुद्धा कानवालीच असणार.

मग लेबलवरचा पत्ता वाचायचा. कंपनीचं ऑफिस हलत गेलं तसा पत्ता बदलत गेला: आधी ७६७ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू, १९५७पासून ४७ वेस्ट ६३ स्ट्रीट, आणि १९६०च्या दशकात नुसतं 'न्यूयॉर्क यूएसए'. १९५७चा अल्बम, ६३ स्ट्रीटचं लेबल आणि कान, असं एकत्र आलं की मामला गंभीर होतो, किंमतही.

तिसरी खूण 'आरव्हीजी'. ही ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं, आधी हाताने कोरलेली, नंतर ठशाने उठवलेली. पुढे 'व्हॅन गेल्डर' असा पूर्ण ठसा आला. दिवसा डोळे तपासायचे आणि संध्याकाळी हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करायचं, असा या गृहस्थाचा १९५९पर्यंतचा दिनक्रम होता. मग त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्याची खूण असणं म्हणजे टेपवरून तबकडीचा साचा कापण्याचं कामही त्यानेच केलं. आवाजाच्या दृष्टीने मला विचाराल तर कानापेक्षा ही खूण महत्त्वाची. बाजारभाव मात्र कानाला आहे.

५. माझ्या प्रतीवर लेबल 'न्यूयॉर्क यूएसए'चं, व्हॅन गेल्डरचा ठसा आहे, पण कान नाही. फसलो का?

किंमत कानवालीची मोजली असेल तर थोडे. लिबर्टीने कंपनी घेतली तेव्हा जुनी लेबलं आणि कव्हरं गठ्ठ्याने शिल्लक होती. ती फेकायची कशाला म्हणून दुसऱ्या कारखान्यात छापलेल्या तबकड्यांवर चिकटवली गेली. साचे मात्र बऱ्याचदा व्हॅन गेल्डरचेच राहिले. म्हणजे आवाज बहुतांशी तोच आणि भाव बराच कमी. ऐकण्यासाठी घेणाऱ्याला याहून चांगला सौदा क्वचित मिळतो. पुढे लेबलवर 'लिबर्टी रेकॉर्ड्सचा विभाग' अशा अर्थाची ओळ आली, तिथपासून ओळखणं सोपं आहे.

अपवादाचाही अपवाद म्हणून सॅक्सोफोनवादक हँक मोबलीच्या १५६८ क्रमांकाच्या एलपीकडे बघा. तिच्या दोन बाजूंच्या लेबलांवरचे पत्ते एकमेकांशी जुळत नाहीत, एकीकडे 'न्यूयॉर्क २३' आहे आणि दुसरीकडे नाही. इतरत्र असं दिसलं तर शंका यावी. इथे तीच पहिल्या छपाईची ओळख मानतात. संग्राहकांत सर्वांत महागड्यांपैकी एक अशी ही रेकॉर्ड, आणि तिची प्रतिष्ठा एका छापखान्याच्या गडबडीवर उभी आहे!

६. मोनो घेऊ की स्टिरिओ?

१९५७पर्यंतच्या मुद्रणांसाठी मोनो, डोळे मिटून. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८मध्ये. त्याआधीच्या अल्बमवर 'स्टिरिओ' दिसलं तर लहान अक्षरं वाचा. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जुनी मोनो मुद्रणं यंत्राने फोडून खोटा स्टिरिओ करण्याची टूम निघाली होती. ड्रम एका कानात, त्यांचा घुमारा दुसऱ्या कानात आणि मधे नुसता धूर. असल्या प्रती फुकट मिळाल्या तरच घ्या.

१९५८च्या अखेरीपासून व्हॅन गेल्डर दोन ट्रॅकवर मुद्रण करून त्यांची बेरीज करून मोनो काढत असे. त्यामुळे तिथून पुढे "मोनो हेच खरं" या म्हणण्याला फारसा आधार नाही. छोट्या खोलीत, एकाच स्पीकरजवळ बसून ऐकणाऱ्याला मोनो भरीव वाटतो. समोर नीट दोन स्पीकर असतील तर स्टिरिओ घ्या.

७. ओरिजनल परवडत नाहीत. रिइश्यूमध्ये कुठल्या चांगल्या?

सध्याइतके चांगले दिवस याआधी आले नव्हते. ब्लू नोटची 'टोन पोएट' मालिका २०१९मध्ये सुरू झाली. निर्माता जो हार्ली, साचे कापणारा केव्हिन ग्रे, मूळ टेपवरून काम, आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं उघडझाप कव्हर, आत फ्रान्सिस वुल्फने मुद्रणाच्या वेळी काढलेले फोटो. तिच्याच पाठोपाठ आलेली 'क्लासिक' मालिका स्वस्त आहे. तीही केव्हिन ग्रेच कापतो, छपाई जर्मनीत होते, कव्हर साधं असतं. आवाजातला फरक कव्हरांतल्या फरकाच्या मानाने फार थोडा आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'क्लासिक' घ्याव्यात आणि उरलेल्या पैशांत आणखी एक घ्यावी, हे माझं ठाम मत.

प्रेस्टिज, रिव्हरसाइड, कॉन्टेम्पररी या कंपन्यांसाठी क्राफ्ट कंपनीने २०२३मध्ये पुन्हा सुरू केलेली 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' मालिका बघा. हेच नाव १९८०च्या दशकातल्या फँटसी कंपनीच्या रिइश्यूंवरही आहे. त्या जुन्या प्रती साध्या, पातळ आणि अजून बऱ्यापैकी स्वस्त असतात, पण आवाज झकास. इम्पल्स आणि व्हर्व्ह या कंपन्यांसाठी २०२०पासूनची 'अकूस्टिक साउंड्स' मालिका. कोलट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' तिच्यात मिळते.

झिजलेल्या ओरिजनलपेक्षा यातली कुठलीही रेकॉर्ड कानाला चांगली लागेल. ओरिजनल कवटाळण्याची कारणं वेगळी असतात आणि ती समजण्यासारखी आहेत, पण "रिइश्यूत जीव नसतो" हे त्यातलं कारण मानू नका.

८. 'पूर्ण ॲनालॉग' नसेल तर एलपी घेण्यात अर्थ आहे का?

'पूर्ण ॲनालॉग' म्हणजे टेपपासून तबकडीपर्यंत मधे कुठेही डिजिटल पायरी नाही. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एलपींच्या निर्मितीत डिजिटल पायरी असते, हे २०२२मध्ये उघड झालं आणि मोठा गदारोळ उठला. मजा अशी की ज्या रेकॉर्ड्सच्या 'ॲनालॉग उबे'वर लोक भरभरून लिहीत होते, त्यांतल्याच काही या निघाल्या. ग्राहकांना अंधारात ठेवलं हा राग रास्त होता. कानांनी मात्र तक्रार केली नव्हती.

मूळ टेप शिल्लक आणि चांगल्या अवस्थेत असेल तर तिच्यावरून थेट कापलेली एलपी घ्यावी. दर वेळी ती असतेच असं नाही. कित्येक टेप जीर्ण झाल्यात, आणि १ जून २००८ला हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत मास्टर टेपचा मोठा साठा गेला. तिथे चांगल्या डिजिटल प्रतीवरून काढलेली एलपी हाच मार्ग उरतो. विचारायचा प्रश्न असा: कशावरून काढली आणि कोणी कापली? उत्तर कव्हरवर कुठेच नसेल तर पुढचं उत्तर वाचा.

९. ऑनलाइन दुकानात जॅझच्या १८० ग्रॅमच्या नव्याकोऱ्या एलपी निम्म्या किमतीत दिसतात. बनावट आहेत का?

बनावट नाहीत, कायदेशीर आहेत, पण जपून. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणांचं संरक्षण ५० वर्षांवरून ७० वर्षांवर गेलं, तरी १९६३च्या आधी प्रसिद्ध झालेली मुद्रणं तोवर खुली झाली होती आणि ती खुलीच राहिली. जॅझचा सुवर्णकाळ नेमका त्यात येतो. मूळ टेप दुसऱ्याच्या ताब्यात असताना कोणीही, बहुधा सीडीवरून, एलपी काढून विकू शकतो. म्हणून कव्हरवर मास्टरिंग करणाऱ्याचं नाव नसतं आणि मूळ मुखपृष्ठाऐवजी भलताच फोटो असतो. वादकाच्या वारसांपर्यंत पैसा जात नाही. काही बऱ्या वाजतात, पण बऱ्या कुठल्या हे घेण्याआधी कळायला मार्ग नाही.

१८० ग्रॅम हे वजन आहे, दर्जा नव्हे. जड तबकडी सहज वाकत नाही, एवढाच फायदा.

(भारतात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतं. गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा, तो यात धरू नका.)

१०. जपानी प्रेसिंगचं, म्हणजे जपानमधल्या छपाईचं, एवढं कौतुक का?

खरखर जवळजवळ शून्य, कव्हरं देखणी, बाजूला ओबी नावाची कागदी पट्टी. १९७० आणि ८०च्या दशकांत किंग आणि तोशिबा यांनी ब्लू नोट फार निगुतीने छापलं. आवाज काहींना जरा पातळ वाटतो. मलाही, तोशिबाच्या काही प्रतींत. पण अमेरिकेत डब्यातच पडून राहिलेली काही मुद्रणं आधी जपानमध्ये बाहेर आली. गिटारवादक ग्रँट ग्रीनची 'मॅटाडोर' हे त्यातलं ठळक उदाहरण.

११. "व्हीजी प्लस" लिहिलं होतं, घरी लावली तर ट्रम्पेट फाटतोय. दिसायला मात्र चकाचक!

ग्रेडिंग बहुतेकदा नजरेने केलेलं असतं. क्रमवारीत सर्वांत वर मिंट, मग निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, गुड. या भाषेत 'गुड' म्हणजे भिंतीवर लावायच्या लायकीची, आणि 'व्हेरी गुड' म्हणजे सहनशील माणसासाठी.

तुमच्या प्रतीचं दुखणं ओरखड्याचं नाही, झिजलेल्या खाचेचं आहे. १९५०च्या दशकातले टोनआर्म जड होते आणि सुया वर्षानुवर्षं बदलल्या जात नसत. मोठ्या स्वराला सुई जोराने हेलकावते, तिथेच खाचेच्या भिंती आधी खचतात, म्हणून ट्रम्पेट आणि पियानोचे ठोके फाटतात. धुऊन काही फरक पडणार नाही. प्रत्यक्ष बघून घेत असाल तर मधल्या भोकाभोवतीचं लेबल तिरप्या उजेडात पाहा. टर्नटेबलच्या मधल्या दांड्याचं टोक घासल्याच्या बारीक रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरल्या असतील तर ती प्रत भरपूर वाजली आहे. शक्य असेल तर बाजूचा शेवटचा तुकडा वाजवून घ्या. आतल्या खाचांत झीज आधी कळते.

१२. पावसाळ्यात बुरशी येते. धुवायच्या कशा?

एलपीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत पुसायचं. लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात.

७८ला मात्र अल्कोहोल अजिबात लावायचं नाही! सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, तोच चपडा म्हणजे तुमची रेकॉर्ड. स्पिरिटचा बोळा फिरवलात की वरचा थर आणि त्याबरोबर संगीत निघून येईल. किंचित साबणाचं पाणी, झटपट, आणि लगेच कोरडं.

ठेवताना उभ्या, घट्ट न कोंबता. पीव्हीसीची जाड चकचकीत कव्हरं उकाड्यात तबकडीवर पांढुरका थर सोडतात, ती काढून पॉलिप्रॉपिलीनची घ्या. माळा आणि पत्र्याखालची खोली या दोन्ही जागा वर्ज्य. मुंबई-कोकणात कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. ओल तिथूनच येते.

१३. 'काइंड ऑफ ब्लू'च्या दोन प्रती आहेत आणि दोघींची पट्टी वेगळी लागते. टर्नटेबल बिघडलंय का?

टर्नटेबल ठीक आहे, तुमचा कान उत्तम आहे. २ मार्च १९५९च्या मुद्रणात मुख्य टेपयंत्र किंचित सावकाश चाललं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढा येतो. म्हणून पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे तीसेक वर्षं जगभर चढ्या पट्टीत वाजले. घरी साथीला वाजवून शिकणाऱ्यांची पंचाईत व्हायची. त्या दिवशी दुसरं यंत्रही चालू होतं, त्याची टेप वापरून १९९२च्या रिइश्यूपासून दुरुस्ती झाली. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिच्यात हा दोष नाही. जुनी प्रत विकू नका. कित्येकांनी ती चढी पट्टीच आयुष्यभर ऐकली आहे आणि त्यांना दुरुस्त केलेली उतरलेली वाटते.

१४. परदेशातून मागवताना काय बघायचं?

सीमाशुल्क आणि टपालखर्च धरून एकूण आकडा आधी काढा. एका एलपीसाठी तो बहुधा परवडत नाही, चार-पाच एकत्र घ्या. विक्रेत्याला तबकडी कव्हरच्या बाहेर काढून पाठवायला सांगा, नाहीतर वाटेत आदळून तिची कड कव्हरची शिवण फाडते. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला सांगणार असाल तर हातातल्या बॅगेत, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, उभ्या. सुटकेसमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी नको. (येताना लोणचं नसतं हे मान्य, पण परत जाताना बदलून द्यायची रेकॉर्ड नेतो तेव्हा असतं.)

१५. चोर बाजारात काही मिळतं का? आणि मुंबईत वाजलेल्या जॅझच्या रेकॉर्ड्स आहेत का?

मटन स्ट्रीटवर गठ्ठेच्या गठ्ठे असतात ते हिंदी चित्रपटांचे. त्यांत अधूनमधून कलकत्त्याजवळच्या दमदमला छापलेल्या पाश्चात्त्य एलपी सापडतात. संग्राहकांच्या जगात त्यांना फारसा भाव नाही, पण बऱ्या अवस्थेतली मिळाली तर ऐकायला घ्यावी.

खरा खजिना ७८चा. लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड १९३५मध्ये ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, मग शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफर्ड. वेदरफर्डने युद्धकाळात कलकत्त्यात कोलंबियासाठी मुद्रणं केली आणि तिथेच १९४५मध्ये कॉलऱ्याने त्याचा अंत झाला. याच वातावरणात गोव्यातल्या आल्दोनाचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेट वाजवत होते. सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांतला स्विंग ज्यांना आवडतो त्यांनी चिक चॉकलेट यांचं वादन नकळत ऐकलेलं असतं. त्यांच्या स्वतःच्या बँडच्या ७८ कोलंबियाच्या लेबलवर आहेत. वांद्र्यातल्या, गोव्यातल्या जुन्या घरांच्या आवराआवरीत अशा रेकॉर्ड्स निघतात आणि सरळ भंगारात जातात. वाजवण्याआधी दुसरा प्रश्न वाचा.

१६. अमान्सियो डिसिल्व्हा यांच्या एलपींच्या किमती एवढ्या का? आणि रिइश्यू आहेत का?

मुंबईत जन्मलेले हे गोमंतकीय गिटारवादक इंग्लंडला गेले. तिथे निर्माता डेनिस प्रेस्टनच्या लॅन्सडाउन मालिकेत १९६९मध्ये 'इंटिग्रेशन' आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' निघाल्या. ब्रिटनमधल्या जॅझ एलपी तेव्हा थोड्याच छापल्या जात आणि त्याहून थोड्या विकल्या जात. आज मूळ प्रती कमी आणि शोधणारे जगभर, म्हणून तो भाव. दोन्हींचे रिइश्यू येऊन गेले आहेत, आवाजाला उत्तम, पण तेही छोट्या खेपांत निघतात आणि संपले की त्यांचाही भाव चढतो. दिसला की घ्या. मूळ प्रतीची वाट बघत थांबायचं असेल तर मधल्या काळात ऐकायला काहीतरी हवंच.